तीन कोटी शब्द आणि एक गाभण शेळी

गेले काही दिवस आमच्या तासगावच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: गरिबाघरचं मूल शाळेत जायच्या आधी तीन कोटी शब्द कमी ऐकतं, हे अमेरिकेत सिद्ध झालंय, आईबापच अडाणी, तर घरी पुस्तकं देऊन काय उपयोग, पोरं फाडूनच टाकणार, त्यापेक्षा मोबाईलवर इंग्रजी गाणी लावून द्या आणि तिसऱ्या वर्षापासून पाटीवर बाराखडी गिरवून घ्या. मी दर शनिवारी बेदाणा शेडच्या मागच्या वस्तीवर चित्रांच्या पुस्तकांची पिशवी घेऊन जाते. त्यामुळे हा मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी खाली 'राग मानू नका' असंही लिहिलं.

आधी तो आकडा बघू. तीन कोटी शब्द कुणी मोजलेलेच नाहीत. हा आकडा ज्यातून निघाला, त्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅन्सस सिटीमधली ४२ कुटुंबं होती आणि त्यातली सरकारी मदतीवर जगणारी फक्त ६. महिन्यातून तासभर घरी जाऊन बोलणं टिपायचं आणि त्यावरून वर्षांचा हिशेब गुणाकाराने काढायचा, असं ते काम. सहा घरांवरून आपण साऱ्या वस्तीला मुकं ठरवतोय! पुढे २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी घरात वावरणाऱ्या बाकीच्यांचं, मुलाच्या कानावर सहज पडणारं बोलणंही धरलं, तेव्हा सारख्याच मिळकतीच्या वस्त्यांमध्येही ऐकलेल्या शब्दांत मोठा फरक दिसला. वाद मिटलाय असं नाही. मुलाशी समोरासमोर बोलण्याचं वजन नुसतं कानावर पडण्यापेक्षा जास्त, हे मलाही पटतं. पण मग समोरासमोर बोलायला निमित्त द्या की. पुस्तक त्यासाठीच तर आहे.

'आईला वाचता येत नाही' हा मुद्दा सगळ्यात जास्त चालतो. शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या एका आईने मलाही तेच ऐकवलं होतं. "बाई, मला अक्षर वळकत न्हाई, मी काय दावणार त्येला?" म्हटलं, चित्रात दिसतंय तेवढं सांगा. पानावर एक शेळी होती आणि खाली एकच शब्द. तिने पान तिरकं धरून नीट बघितलं आणि म्हणाली, "ही गाभण हाय. प्वाट बगा की." चित्रकाराच्या डोक्यात हे नसणार. पण चार वर्षांचा पोरगा लगेच सरसावून बसला. पिल्लू कवा व्हणार? किती व्हणार? दूध कोण पिणार, आपण का पिल्लू? एका पानावर पंधरा मिनिटं गेली. शिकलेल्या घरांत पुष्कळदा 'शेळी' एवढंच वाचून पान उलटलं जातं. मुलाला प्रश्न विचारू देणं, त्याच्या उत्तराला आपलं एक वाक्य जोडणं, यानेच शब्द वाढतात. त्यासाठी आईला सही करता येण्याचीही गरज नाही.

मोबाईलचं थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय, दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या आतच. गाणं प्रश्नाला उत्तर देत नाही, हा खरा घोटाळा. मोबाईल घ्यायचाच तर प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पोराला मांडीवर घेऊन त्या बघा.

आणि बाराखडी? तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल पेलत नाही, पण डोळ्यांना अक्षरं दिसतात. वस्तीवरची पोरं एसटीच्या पाटीवरून 'मिरज' ओळखतात, बेदाण्याच्या बॉक्सवरचा 'त' दाखवतात. २०२० च्या शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वय एकत्र धरून खेळातून शिकणं सांगितलंय. बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी वाड्यांवर खडे, पानं, शिंपले घेऊन हेच केलं होतं.

मेसेजमधल्या एका गोष्टीला मात्र उत्तर सोपं नाही, आणि ती त्यात लिहिलेलीही नाही: वेळ. आई सात वाजता शेडमधून येते, मग चूल, मग धुणं. साताऱ्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, उत्तमच आहे, पण तिथे पोराला न्यायचं म्हणजे एका दिवसाची हजेरी बुडवायची. म्हणून पुस्तक घरात राहिलं पाहिजे, भाकरी थापताना पोरानेच पान उघडून धरलं पाहिजे.

राहिलं फाडण्याचं. फाडतात, खरंच फाडतात. शेळीचं ते पुस्तक मागच्या महिन्यात परत आलं, त्यात शेळीचंच पान नव्हतं. घरी गेले तर ते भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवलेलं, पोराच्या उंचीवर. त्याने 'ळ' वर बोट ठेवून मला विचारलं, "बाई, ह्यो शेळीचा, तसा बाळाचा बी हाय का?" पान मी मागितलं नाही. पुस्तक पिशवीत तसंच फिरतंय, एक पान कमी.