‘दर्यावर्दी’ यांस उत्तर: ठराव म्हणजे रद्दी नव्हे

उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राभोवतालच्या देशांच्या खासदार परिषदेवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘दर्यावर्दी’ या नावाने ही प्रतिक्रिया आली आहे: “अहो बाई, दरवर्षी नवं शहर, नवी मेजवानी आणि शेवटी एक ठराव. ज्या ठरावाचं बंधन कुणावरच नाही त्याला रद्दीचाही भाव नाही. नॉर्वे, आइसलँड बाल्टिकवर नसताना सभासद कसे? आणि रशिया गेल्यावर उरलंय काय? त्यापेक्षा आपल्या कोकणावर लिहा.”

आधी भाषेबद्दल. मी माझ्या नावाने लिहिते. तुम्ही टोपणनावाआडून मला ‘अहो बाई’ म्हणता, आणि त्याच लेखाखाली दुसऱ्या एका वाचकाशी वाद घालताना त्यांना मात्र ‘सर’ म्हणता. मतभेदाचं मला वावडं नाही. पण वाद घालायचा तर समोरच्याला बरोबरीचं मानून घालावा, एवढी रीत तुम्हाला कुणीतरी शिकवली असेलच.

एक गोष्ट मान्य. नॉर्वे आणि आइसलँड यांचा किनारा बाल्टिकला लागत नाही, हे तुम्ही बरोबर हेरलंत.

आता ‘रद्दी’. हा शब्द मला लागला, कारण माझी सगळी नोकरी तुमच्या मते रद्दीतच गेली. मी विधिमंडळात प्रतिवेदक होते. समित्यांपुढे झालेल्या साक्षी लघुलिपीत उतरवून घेणं हे माझं काम. आपल्या समित्यांच्या शिफारशीसुद्धा सरकारवर बंधनकारक नसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तरी शिफारस गेली की विभागाला लेखी उत्तर द्यावं लागतं. डाव्या बाजूला शिफारस, उजव्या बाजूला विभागाचा खुलासा. ‘कार्यवाही सुरू आहे’ असं मोघम लिहून विभाग मोकळा झाला, की पुढच्या बैठकीत कुणीतरी सदस्य तेच पान उघडून विचारतो, सुरू आहे म्हणजे कुठवर आली? एकदा या प्रश्नावर एका सचिवांनी मागे बसलेल्या उपसचिवांकडे पाहिलं, उपसचिवांनी कक्ष अधिकाऱ्याकडे, आणि फाइल तर कार्यालयातच राहिलेली. पुढच्या बैठकीला ती आली, सहीसकट. हे मी समोर बसून टिपून घेतलेलं आहे. ज्याने हे एकदाही पाहिलं नाही त्याने मला ठरावाची किंमत शिकवू नये.

बाल्टिकच्या परिषदेतही हेच चालतं. वार्षिक ठराव सरकारांकडे जातो, त्यातल्या कलमांवर काय केलं ते सरकारं लेखी कळवतात आणि ती उत्तरं एकत्र प्रसिद्ध होतात. जर्मनीचं उत्तर लाटवियाचा खासदार वाचतो, पोलंडचं फिनलंडचा. शेजाऱ्यांनी काय केलं ते छापलेलं समोर असताना आपल्या मंत्र्याला ‘निधी नाही’ म्हणणं अवघड जातं.

दारूगोळ्याचा विषय घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिकच्या तळाशी सुमारे 40,000 टन रासायनिक दारूगोळा बुडवला गेला, त्यातला बराचसा डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाच्या पूर्वेला. त्यातल्या मस्टर्ड वायू नावाच्या विषारी रसायनाचे थंड पाण्यात घट्ट, मातकट गोळे बनतात. ते मासेमारीच्या जाळ्यात येतात, खलाशी चिखल समजून हाताने बाजूला करतो आणि काही तासांनी कातडीवर फोड उठतात. जर्मनीच्या उझेडोम बेटावर जुन्या आगलाव्या बॉम्बमधला फॉस्फरस वाळूत सापडतो. तो हुबेहूब अँबरचा, म्हणजे दागिन्यांत वापरतात त्या पिवळसर जीवाश्म राळेचा, खडा दिसतो. हौसेने वेचलेला हा खडा खिशात सुकला की पेट घेतो. माणसं भाजली आहेत यात.

हे एकट्या देशाने निस्तरायचं काम नव्हे. श्लेस्विग-होल्स्टाइन आणि मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न या किनाऱ्यावरच्या जर्मन राज्यांच्या विधानसभांना या परिषदेत स्वतःची जागा आहे, आणि दारूगोळ्याचा विषय ठरावांत पुन्हा पुन्हा येत राहिला. पुढे जर्मनीच्या केंद्र सरकारने 10 कोटी युरोंची तरतूद केली, 2024 मध्ये ल्यूबेकच्या उपसागरात दारूगोळा काढायला सुरुवातही झाली. हे केवळ ठरावामुळे झालं, असा दावा मी लेखात केलेला नाही, आताही करत नाही. पण विषय मरू न देणं, दरवर्षी तो टेबलावर आणून उत्तर मागणं, हे काम कुणीतरी केलं. तुम्ही त्याला मेजवानी म्हणता!

आणखी एक. ही परिषद पहिल्यांदा भरली जानेवारी 1991 मध्ये, हेलसिंकीत, फिनलंडच्या संसदेचे सभापती कालेवी सोर्सा यांच्या पुढाकाराने. सोव्हिएत संघ तेव्हा उभा होता, त्याच महिन्यात लिथुआनियाची राजधानी विल्निअसच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे आले. या समुद्राभोवतालच्या सरकारांची परिषद 1992 मध्ये झाली, म्हणजे लोकप्रतिनिधी सरकारांच्या आधी एकत्र बसले होते. सहलीला निघालेली माणसं असा मुहूर्त धरत नाहीत.

रशियाचं म्हणाल तर युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर 2022 मध्ये त्याला बाहेर ठेवलं गेलं. बाकीचे देश भेटतात, काम चालू आहे. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. कोकणावर मी लिहिते आणि लिहीन, पण कधी काय लिहायचं ते मी ठरवते.

पुन्हा लिहाल तेव्हा कुठल्याही एका वर्षाचा ठराव आणि त्यावरची सरकारांची उत्तरं शेजारी ठेवून लिहा. कोणतं उत्तर पोकळ आहे ते दाखवा, मी अवश्य बोलेन. आणि नावाने हाक मारा. ते लेखाच्या वरच छापलेलं आहे.