तीन सिलिंडरला नावं ठेवणाऱ्यांसाठी

परवा एका वर्कशॉपमध्ये एका रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणारा दांडा, ठोकळ्यांवर ठेवलेला होता. मिस्त्री मायक्रोमीटरने बेअरिंगच्या जागा तपासत होते. त्यांना विचारून मी तो हाताने हळूहळू फिरवून पाहिला. पहिली आणि सहावी पिन (पिस्टनचा दांडा जिथे जोडतात ती जागा) एकदम वर आल्या. एक तृतीयांश फेरी झाली तशी दुसरी आणि पाचवी, आणखी तेवढंच फिरवलं तशा मधल्या दोघी. मधोमध आरसा उभा केला तर पुढचा अर्धा भाग म्हणजे मागच्या अर्ध्याचं प्रतिबिंब. कुठेही सोडला तरी क्रँक आहे तिथेच थांबत होता.

तेव्हा मला हमखास कानावर येणारं एक वाक्य आठवलं. "तीनच सिलिंडर? मग ती कसली गाडी!" बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं.

माझं म्हणणं असं की सिलिंडर मोजून इंजिनाची लायकी ठरवणं चूक आहे. मोटारीच्या इंजिनाचा इतिहास पाहिला तर सिलिंडर कसे मांडायचे हे ताकदीपेक्षा दोन गोष्टींनी जास्त ठरवलंय: थरथर आणि जागा.

सुरुवात एका सिलिंडरपासून झाली. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत ९५४ सीसीचा एकच आडवा सिलिंडर होता, ताकद एका हॉर्सपॉवरहूनही कमी. चार स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या चार चालींमध्ये, जोर लावणारा स्ट्रोक एकच, म्हणजे दोन फेऱ्यांत एक ढकला. बाकीचा वेळ गाडा ओढायचा तो भल्यामोठ्या फ्लायव्हीलने, म्हणजे क्रँकला जोडलेल्या जड चाकाने. १८८९ मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी दोन सिलिंडर १७ अंशांच्या कोनात जोडले आणि व्ही आकाराचं इंजिन जन्माला आलं. दोन सिलिंडर समोरासमोर आडवे ठेवायचं, ज्याला आपण आज बॉक्सर म्हणतो, तेही बेंझने त्याच शतकात करून दाखवलं. मूळ कल्पना सगळ्या इतक्या जुन्या आहेत!

मग चार सिलिंडर आले आणि त्यांच्याबरोबर एक चिवट दुखणंही आलं. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून वाटतं की फिटंफाट झाली. पण पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत जातो, त्यामुळे पिस्टनची वरच्या अर्ध्यातली चाल आणि खालच्या अर्ध्यातली चाल सारखी नसते. क्रँकने वरच्या टोकापासून पाव फेरी मारली की पिस्टन अर्ध्या वाटेच्या पुढे गेलेला असतो. खालून निघालेला त्याचा जोडीदार तेवढ्याच वेळात अर्ध्यापर्यंतही पोहोचलेला नसतो. हा हिशेब दर फेरीत दोनदा चुकतो. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० धक्के! माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या गाडीचं एक माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, फाटलं होतं, तेव्हा हे मी हातांनी अनुभवलंय. स्टीअरिंगला मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि आरशात मागची गाडी धूसर दिसायची. नवीन माउंटिंग बसवल्यावर सगळं शांत झालं, पण धक्के तेवढेच होते. फक्त रबर ते पोटात घेत होतं.

यावर फ्रेडरिक लँचेस्टरने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात उपाय शोधला होता: क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट, म्हणजे धक्का काटणारे वजनदार दांडे. ही युक्ती कित्येक दशकं जवळपास बाजूलाच पडून राहिली. १९७५ मध्ये मित्सुबिशीने ती सुधारून पुन्हा आणली, आणि पुढे पोर्शेसारख्या कंपनीने आपल्या ९४४ या गाडीच्या अडीच लिटर इंजिनासाठी तिचा परवाना घेतला. पोर्शेला त्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

सहा एका रांगेत असले की यातलं काहीच लागत नाही. वरच्या-खालच्या धक्क्यांची बेरीज शून्य, आणि इंजिन टोकापासून टोकापर्यंत डोलवणारा जोरही पुढच्या-मागच्या तिघांत मिटतो. भूमितीच तशी आहे. मग आठ आणखी चांगले का नाहीत? एका रांगेत आठ लावूनही पाहिले, ड्यूसनबर्गच्या गाड्या त्याच्याच जोरावर गाजल्या. पण इतका लांब क्रँक वेगात पिळवटायला लागतो. तिकडे फोर्डने १९३२ मध्ये व्ही-एटचा ब्लॉक एकाच ओतकामात काढून तो सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. १९५४ नंतर पॅकार्ड आणि पाँटिअॅक या दोघांनीही रांगेतले आठ सोडून दिले.

मग रांगेतले सहा मागे का पडले? इंजिन म्हणून त्यांच्यात काहीच बिघडलं नव्हतं. १९५९ मध्ये अॅलेक इसिगोनिसने मिनी या छोट्या गाडीत ८४८ सीसीचं इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवं ठेवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीतच बसवला, आणि छोट्याशा गाडीत चार माणसांना ऐसपैस जागा करून दिली. तिथून पुढे दोन चाकांच्या मधल्या जागेत मावेल तेच इंजिन, हा नियम झाला. लांबलचक सहा तिथे मावेनात. म्हणून व्ही-सिक्स आले. लान्चाने १९५० मध्येच ऑरेलियात ते ६० अंशांत नीट बसवले होते. ब्यूकने मात्र १९६२ मध्ये व्ही-एटच्या यंत्रसामग्रीवर ९० अंशांचा व्ही-सिक्स काढला, आणि ठिणग्यांमधलं अंतर आलटून पालटून ९० आणि १५० अंश झालं. रिकाम्या गिअरमध्ये तो लंगडल्यासारखा चालायचा. क्रँकच्या पिना दुभागून हा दोष काढायला १९७७ उजाडलं. कारखान्याची सोय आधी आणि इंजिन मागून, असं केलं की हेच होणार. मला ते पटत नाही.

बीएमडब्ल्यूने रांगेतले सहा कधी सोडले नाहीत. व्ही-सिक्सकडे गेलेली मर्सिडीज २०१७ मध्ये परत आली. पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालवल्यामुळे पुढचे पट्टे गेले आणि इंजिनाची लांबी घटली. शिवाय सगळा एक्झॉस्ट एकाच बाजूला, त्यामुळे टर्बो जवळ बसतो.

आता तीनकडे येऊ. तीन सिलिंडरमध्ये वर-खाली धक्के मिटलेलेच असतात, जे चारात मिटत नाहीत. उरतं ते पुढून मागे डोलणं. फोर्डने २०१२ मध्ये एक लिटरचं टर्बो इंजिन आणलं तेव्हा फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असंतुलित ठेवून ते डोलणं आवरलं, बॅलन्स शाफ्ट घातलाच नाही. रिकाम्या गिअरमध्ये थोडी कंपनं जाणवतात, मान्य. जोराचा स्ट्रोक २४० अंशांनी येतो, चारात १८० अंशांनी. पण म्हणून ते इंजिन अर्धवट ठरत नाही.

त्या दिवशी निघण्याआधी मी टेबलावरचं तेलकट फडकं उचललं आणि क्रँकच्या मागच्या तीन पिनांवर टाकलं. मिस्त्रींना विचारलं, आता हा कुठल्या इंजिनाचा? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तीन सिलिंडरचा."