आईच्या गुडघ्यांचा भाव

आज सकाळी आईचा फोन चार्जिंगला लावला. ती जाऊन आठ महिने झाले, पण बँकेचे ओटीपी अजून त्याच नंबरवर येतात, म्हणून चालू ठेवलाय. एक ॲप उघडलं (कुठलं ते सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी) आणि पहिलीच जाहिरात गुडघेदुखीच्या तेलाची. ‘आता जिने चढा बिनधास्त!’ डोकंच सणकलं.

शेवटची दोन वर्षं आई इंदिरानगरच्या घरातून, दुसऱ्या मजल्यावरून, फारशी खाली उतरलीच नाही. गुडघे इतके दुखतात हे आम्हालाही सांगितलं नाही तिने. “वय झालं गं,” एवढंच. दुपारी पडल्या पडल्या व्यायामाचे व्हिडिओ बघायची. आम्हाला कळलं नाही, पण तेल विकणाऱ्यापर्यंत बरोबर पोचलं. साठीपुढची बाई, नाशिक, गुडघे. आपण स्क्रीनवर बोट सरकवतो तेवढ्यात तिकडे जाहिरातीच्या त्या चौकोनाचा लिलाव होऊन जातो. लासलगावला कांद्याचा लिलाव निदान शेतकऱ्यासमोर तरी होतो, हातात हिशोबपट्टी तरी पडते!

फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्याच अहवालातला आकडा घ्या. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका-कॅनडातल्या एका फेसबुक वापरकर्त्यामागे त्यांना ६८ डॉलर मिळाले. आपण ज्यात येतो त्या आशिया-पॅसिफिकमध्ये ५.५२. म्हणजे तीन महिन्यांचे साडेचारशे रुपये धरा. आता मला राग विकल्याचा आला की स्वस्तात विकल्याचा, ते माझं मलाच कळेना.

बरं, माहिती काय आधी कुणाकडे नव्हती? दहाव्याला रामकुंडावर गेलो, तेव्हा गुरुजींनी गाव नि आडनाव विचारलं आणि बासनातून वही काढली. पणजोबांपासून सगळे त्यात. आणि २००३ च्या सिंहस्थातली आईची सही, तिच्या त्या तिरक्या अक्षरात. तेव्हा रामकुंडाच्या पायऱ्या ती स्वतः उतरली होती, मला आठवतंय, माझाच हात धरून मलाच सांभाळत होती. भाऊ तिथेच रडायला लागला. वीस वर्षं ती वही तशीच होती. त्या सहीवरून कुणी आम्हाला काही विकायला आलं नाही. (दक्षिणा द्यावी लागली, हो. पण समोरासमोर.)

माझी मामेबहीण येवल्याहून पैठण्या विकते. ती म्हणेल, ताई, रोजचे तीनशे रुपये जाहिरातीला घातले म्हणून पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं मिळाली, नाहीतर दुकानात माशा मारत बसले असते. खरंय. तिचं घर त्यावर चालतं, मान्य. पण नुकताच साखरपुडा झालेल्या मुली तिला निवडता येतात, हे तिने कौतुकाने दाखवलं ना, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

आणि २०२३ साली कायदाही झालाय. संमती घेतल्याशिवाय माहिती वापरायची नाही म्हणे. संमती! आईला फोन घेऊन दिला त्या दिवशी सगळीकडे ‘मान्य आहे’ कुणी दाबलं? मीच. ती विचारत होती, “काय लिहिलंय गं ते?” मी म्हटलं, “काही नाही, असंच असतं सगळीकडे.” ऑफिसला उशीर होत होता मला.

सकाळी भांडायच्या आवेशात लिहायला बसले होते. आता नाही तेवढा जोर उरला. मघाशी परत तिचा फोन घेतला, ‘ही जाहिरात नको’ दाबलं. तर कारण विचारतात. उपयोगाची नाही. आक्षेपार्ह आहे. वारंवार दिसते. माणूस आता नाही, असा पर्यायच नव्हता त्यात.

‘वारंवार दिसते’वर बोट ठेवलं. ते काही खोटं नाही.