"घरी बसवा, पेन्शन द्या": फिरत्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे नात्यातले. मेसेज लांबलचक आहे, पण सार असं: दिव्यांगांना नोकऱ्या देऊन कोणाचंच भलं होत नाही. त्यांना काम झेपत नाही, त्यांच्या सोयींचा खर्च मालकाला परवडत नाही, अपघात झाला की मालक अडकतो, आरक्षणाच्या जागा खोट्या सर्टिफिकेटवाले लाटतात आणि हुशार मुलं बाहेर राहतात. त्यापेक्षा सरकारने पेन्शन द्यावी आणि त्यांना घरी सन्मानाने राहू द्यावं. खाली हात जोडल्याचं चित्र.

पाठवणाऱ्यांपैकी एक काका मला लहानपणापासून ओळखतात. माणूस प्रेमळ आहे, अडीअडचणीला धावून येणारा आहे. त्यांना हे पटलंय, म्हणूनच गप्प बसवेना. सांवेर रोडवर माझा आणि माझ्या भावाचा छोटा छापखाना आहे. तिथे बाइंडिंगला ऐकू न येणारे एक दादा आहेत. माझ्या सख्ख्या मावसभावाला दिसत नाही. त्यामुळे हा विषय रोज माझ्या समोर असतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण ऐकायला तोच सगळ्यात गोड आहे. पेन्शन. केंद्राच्या योजनेतले महिन्याला ३०० रुपये मिळतात, तेही कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल आणि अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर. मध्य प्रदेशात राज्याची भर धरून हातात येतात ६०० रुपये. एवढ्यात गॅसचं एक सिलिंडर येत नाही. ज्यांना खरोखरच काम करणं शक्य नाही त्यांना ही रक्कम कितीतरी पटीने वाढवून मिळाली पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण धडधाकट बुद्धीच्या, शिकलेल्या, काम मागणाऱ्या माणसाला ६०० रुपये दाखवून घरी बस म्हणायचं आणि त्याला सन्मान म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणि घरी बसणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. मावसभाऊ बी.ए. झाल्यावर दीड वर्ष घरी होता. घरचे सगळे जीव लावणारे. चहा झाला का, जेवलास का, पंखा लावू का, दिवसभर हेच. घराला रंग कोणता द्यायचा, बहिणीच्या लग्नात कोणाला बोलवायचं, हे मात्र त्याला कोणी विचारायचं नाही. एकदा तो मला म्हणाला, "ताई, मी या घरात पाहुणा आहे गं. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही."

आता 'काम झेपत नाही' हा मुद्दा. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले आणि त्यातले सुमारे ३६ टक्के काम करणारे होते. म्हणजे जवळपास एक कोटी माणसं तेव्हाही कामाला जात होती. त्यातली निम्म्याहून जास्त शेतात, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. शेतमजुरीला कोणी विचारत नाही की बाई, तुमचा पाय अधू आहे, झेपेल का? ती शंका पंख्याखालच्या, पगारी, पी.एफ. असलेल्या नोकरीच्या वेळीच येते. त्यात पुन्हा दिव्यांग पुरुषांपैकी ४७ टक्के काम करणारे होते आणि बायकांपैकी २३ टक्केच. दिव्यांग मुलगी असेल तर 'घरी बसवा' हा सल्ला मेसेज यायच्या कितीतरी आधीच पाळला गेलेला असतो.

आमच्या दादांचं काम सांगते. पुस्तक छापून झालं की सोळा-सोळा पानांचे फर्मे घडी होऊन येतात आणि ते क्रमाने एकावर एक लावायचे असतात. एक फर्मा दुबार गेला किंवा मागेपुढे झाला की ती प्रत वाया. चूक पकडायला प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, दरवेळी थोडी खाली सरकवलेली. फर्मे बरोबर लागले तर पाठीवर या खुणांचा एक तिरका जिना उतरत जातो. चुकले तर जिन्याची पायरी तुटते. दादा पन्नास प्रतींचा गठ्ठा उभा करतात, पाठी स्वतःकडे वळवतात, एकदा नजर फिरवतात आणि तुटक्या पायरीवर बोट ठेवतात. या कामाला कान लागतच नाहीत. तरी आमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

हे ऐकून कोणी म्हणतं, "हो, ही माणसं जास्त मन लावून काम करतात, देव एक घेतो आणि दुसरं देतो." कृपा करून हेही बोलू नका. दादा चांगले कारागीर आहेत कारण सतरा वर्षं तेच काम करतायत. सोमवारी त्यांना उशीर होतो. दिवाळीच्या अ‍ॅडव्हान्सवरून ते माझ्या भावाशी दरवर्षी वाद घालतात, हातवारे करून, आणि बहुतेक वेळा जिंकतात. नोकरी मिळवायला त्यांना इतरांपेक्षा संत असावं लागू नये.

'झेपत नाही' याचं सगळ्यात मोठं उत्तर तर आपल्याच राज्यातून गेलंय. मध्य प्रदेशाच्या न्यायसेवा भरतीच्या १९९४ च्या नियमांत ६-अ हा नियम होता. दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीश होण्याची वाटच त्याने बंद केली होती. एका उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली आणि ३ मार्च २०२५ ला हा नियम रद्द ठरवला. निव्वळ अपंगत्वामुळे कोणाला न्यायसेवेतून वगळता येणार नाही, असा स्पष्ट निकाल. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयात तर झॅक याकूब १९९८ पासून २०१३ पर्यंत न्यायमूर्ती होते, आणि त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेलेली होती. ज्या देशाने संविधानाचा अर्थ लावायचं काम अंध माणसाच्या हाती दिलं, तोही आपल्यासारखाच विकसनशील देश.

खर्चाचा मुद्दा मी मालक म्हणून गंभीरपणे घेते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही मालकाने करायच्या 'वाजवी सोयी' अवाजवी बोजा टाकणाऱ्या नसाव्यात असंच म्हटलंय. आमचा खर्च सांगते. मशीनवरून हाक मारली तर दादांना ऐकू जात नव्हतं, म्हणून त्यांच्या टेबलावर लाल बल्ब लावला आणि बटण फोल्डिंग मशीनपाशी दिलं. होल्डर, वायर, इलेक्ट्रिशियनची मजुरी धरून चारशेच्या आत. दुसरा बदल फुकटचा. आधी आमच्याकडे निम्म्या सूचना तोंडी असायच्या: "अरे, ते लाल कव्हरवालं परफेक्ट बाइंडिंगला घे." दादांसाठी प्रत्येक कामाचं जॉब कार्ड लिहायला लागलो. साइज, प्रती, कागद, बाइंडिंगचा प्रकार, तारीख. "मला वाटलं तुम्ही असं म्हणालात" हे वाक्य छापखान्यातून जवळजवळ गेलं. फायदा ऐकू येणाऱ्यांनाही झाला, कदाचित जास्तच.

मावसभाऊ कॉम्प्युटर वापरतो तो एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते बनवायला घेतलं, आणि ते पूर्णपणे मोफत आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हे तसंच सॉफ्टवेअर आधीपासूनच असतं. रॅम्पचं मात्र खरंच अवघड आहे, ते लपवत नाही. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. आमच्या दाराला तीन पायऱ्या, दीड फूट उंची, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प, आणि समोर रस्ता आठ फुटांवर. शेवटी गवंड्याने भिंतीच्या कडेने वळवून काढून दिला. आता त्यावरून सगळ्यात जास्त फेऱ्या कागदाच्या रिमांच्या ट्रॉलीच्या होतात, आणि हमालांची पाठदुखी कमी झाली.

खर्च मोजायचाच तर दुसऱ्या बाजूचाही मोजावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००९ मध्ये दहा अल्प आणि मध्यम उत्पन्न देशांचा अभ्यास केला. दिव्यांगांना कामापासून दूर ठेवल्याने या देशांचं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ ते ७ टक्के नुकसान होत होतं.

अपघाताबद्दल थोडक्यात. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून मालकावर आहे, आणि ती प्रत्येक कामगारासाठी आहे. आमच्या कटिंग मशीनचं पातं दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली येत नाही. ही सोय दहाही बोटं शाबूत असलेल्यांसाठीच केली गेली, कारण त्यांचीच बोटं जात होती. ज्याला एकच हात वापरता येतो त्याला मी हे मशीन देणार नाही. पण छापखान्यात प्रूफं असतात, हिशेब असतो, गिऱ्हाईक असतं. एक काम जमणार नाही म्हणजे कोणतंच जमणार नाही, असं कसं?

राहिलं आरक्षण. केंद्रात ते ४ टक्के, आपल्या राज्यात ६. हुशार मुलं बाहेर राहतात म्हणणाऱ्यांनी शंभरातल्या उरलेल्या ९४-९६ जागांचा हिशेब आधी मांडावा. शिवाय कागदावरच्या जागा भरल्या जातात असंही नाही. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्याने ३ टक्के दिले होते, आणि त्या जागा मोजायच्या कशा यावरच २०१३ पर्यंत वाद चालला. राष्ट्रीय अंध महासंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं की एकूण जागांवर मोजा आणि भरा. अठरा वर्षं गेली त्यात.

खोटी सर्टिफिकेटं आहेत, हे खरं. मला त्याचा संताप येतो, कारण ती जागा माझ्या मावसभावासारख्याची असते. २०१६ च्या कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, तो वापरा. पण मेसेज लिहिणाऱ्याने दुसरा आकडा पाहिलेला दिसत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात, अपंगत्व असलेल्यांपैकी फक्त २८.८ टक्के लोकांकडे सर्टिफिकेट होतं. शंभरातल्या एकाहत्तर खऱ्या माणसांकडे कागदच नाही. आणि चोराला शिक्षा म्हणून घरमालकालाच बाहेर काढायचं का?

मावसभावाच्या एका मुलाखतीला मी सोबत गेले होते. ऑफिस मोठं, माणसं सभ्य. अकरा मिनिटं मुलाखत चालली. दरवाजा अर्धा उघडा होता, सगळं ऐकू येत होतं. येणार कसे? जाणार कसे? जेवणाच्या सुट्टीत खाली कोण नेणार? घरी कोणकोण असतं? तो सांगत होता की आय-बसने एकटा येतो. बीआरटीएसच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गाच्या, स्टेशनवर बस आणि फलाट एका पातळीवर असायचे, त्याला पायरी चाचपावी लागायची नाही. (तो बीआरटीएस काढून टाकायला २०२५ मध्ये सुरुवात झाली. आता त्याला कडेच्या गर्दीत हात दाखवून बस थांबवावी लागते, आणि या प्रश्नाचं उत्तर खरंच अवघड होऊन बसलंय.) टायपिंग येतं का, पत्राचा मसुदा करता येतो का, यातलं त्या अकरा मिनिटांत कोणी काहीही विचारलं नाही. बाहेर येताना एकाने त्याच्या हातात पेढा ठेवला.

मागच्या आठवड्यात तो दुसरीकडे गेला, एकटाच. 'येणार कसे' झाल्यावर त्यानेच विचारलं, "मला दहा मिनिटं कॉम्प्युटर द्याल? तुमचंच एखादं पत्र सांगा, मी टाइप करतो." एनव्हीडीए पेनड्राइव्हवरूनही चालतं, तो पेनड्राइव्ह त्याच्या शर्टाच्या खिशात असतोच. त्यांनी पत्र सांगितलं, त्याने हेडफोन लावून लिहिलं. एक शब्द त्याचा चुकला, एक व्याकरणाची चूक सांगणाऱ्याची होती, ती त्याने दुरुस्त केली होती. सोमवारी परत बोलावलंय. यावेळी पगाराचं बोलायला.