गेटला पत्रा मारण्याआधी जरा ऐका

कोल्हापुरात पाचगाव, आर. के. नगर, कळंबा, या बाजूला नवीन बंगला उभा राहिला की पहिलं काम ठरलेलं. कंपाउंड सात फुटांवर न्यायचं आणि गेटला पत्रा मारायचा, रस्त्यावरून आतलं काही दिसू नये म्हणून. मला हे अजिबात पटत नाही.

चोर भिंतीला भीत नाही, नजरेला भितो. भिंत चढायला त्याला काही क्षण पुरतात आणि एकदा आत उतरला की तीच भिंत त्याचा आडोसा होते. मग तो निवांत कटावणी घालून कोयंडा उचकटतो, समोरच्या काकूंना पत्ताही लागत नाही. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत बघा. भिंतीला भिंत लागून घरं, दारात कोण ना कोण बसलेलं, कोपऱ्यावर तालीम. अनोळखी माणूस दोनदा फिरला की "कोण पाहिजे हो?" असा आवाज येतोच. उपनगरात आपण हा प्रश्न विचारणारा माणूसच भिंतीआड घातलाय.

पुढचं कंपाउंड कमरेएवढं ठेवा, वर उभे गज लावा. आरपार दिसू दे. मागची हद्द, जिथं कुणाचं लक्ष नसतं, तिथं मात्र काटे हवेत. करवंद लावा. आपल्या सह्याद्रीच्या रानातलंच झुडूप, पाणी फार मागत नाही, दाट वाढलं की गुरंसुद्धा शिरत नाहीत, आणि लोणच्याला करवंदं मिळतात ती वेगळीच. जाळीवर बोगनवेलही चालेल. पण खिडकीखाली दाट झाडी नको, तिथं माणूस लपतो. गच्चीला टेकलेली आंब्याची फांदी छाटा. शिडी, पहार, कुदळ रात्री आत घ्या. बागेत पडलेली पहारच दार फोडायला वापरतात.

काहीजण कुंपणात करंट सोडायची भाषा करतात. कृपा करून नको. रानडुकरांसाठी लावलेल्या तारांनी शेतात माणसं गेलीत. तुमच्या तारेला चोराआधी चेंडू आणायला आलेलं शेजारचं पोर हात लावेल. जीव गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो.

गावाला जाताना दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप म्हणजे घर रिकामं असल्याची पाटीच. दारात बसवलेलं आतलं लॉक करून घ्या. दूध, पेपर बंद ठेवा. आणि शेजारच्या वहिनींना सांगा, रोज अंगण झाडून दोन रेघांची रांगोळी काढा म्हणून. दिवाळीत अख्ख्या गल्लीत रांगोळ्या आणि एकाच दारात पाचोळा, यावरून घर हेरायला कितीसा वेळ लागतो? त्या वहिनी गावाला गेल्या की त्यांचं अंगण आपण झाडायचं. कॅमेरे लावा, पण त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोही उचलतात.

रात्री संशय आला तर एकट्यानं काठी घेऊन धावू नका. लाइट लावा, शेजाऱ्यांना फोन करा, ११२ लावा. आणि गेटसाठी वेल्डर सांगितला असेल, तर पत्र्याऐवजी उभ्या गजांचं किती होईल, एवढं त्याला आजच विचारा.