यंदा आमच्या शाळेत मोठे प्रकल्प तीनच

आमच्या छोट्या, प्रकल्पातून शिकणाऱ्या शाळेचं नवीन वर्ष आखायला आम्ही बसलो आहोत आणि यंदा मी एकच आग्रह धरला आहे: वर्षभरात मोठे प्रकल्प तीनच घ्यायचे. बैठकीत हे बोलल्यावर काहीजणांचे चेहरे पडले. का पडले ते मला कळतं. सुट्टीत प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी घोळत असतं. कुणाला मुलांबरोबर पक्ष्यांच्या नोंदी करायच्या असतात, कुणाला परिसरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतात, कुणाला सायकल पूर्ण खोलून पुन्हा जोडायची असते. सगळंच करण्याजोगं आहे. त्यामुळे फळ्यावरची यादी लांबत जाते आणि दुसऱ्याचा विषय खोडायला कुणाचा हात धजत नाही.

पण चार आठवड्यांच्या प्रकल्पाचं प्रत्यक्षात काय होतं ते आठवून पाहा. पहिला आठवडा विषयात शिरण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात क्षेत्रभेट असते, पण ज्यांना भेटायचं ते नेमके पुढचा वार देतात. तिसऱ्या आठवड्यात दोन मुलं आजारी, एक ताई रजेवर. चौथा आठवडा उजाडतो तो पोस्टर रंगवण्याच्या घाईतच. दर वेळी कात्री लागते ती शेवटच्या भागाला: केलेलं काम पुन्हा पाहणं, चुकलेलं मोजमाप परत घेणं, लिहिलेलं दुसऱ्यांदा लिहिणं. प्रकल्पातलं खरं शिक्षण बरंचसं याच भागात असतं असं माझं ठाम मत आहे. तो भाग वाचवायचा असेल तर प्रकल्पांची संख्या कमी करण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही.

एक उदाहरण सांगते. शाळेतलं पाणी हा विषय घेतला आहे आणि एक नळ ठिबकतोय. एका गटाने मिनिटभर थेंब मोजले, सेकंदाला साधारण एक. दिवसाचे सेकंद ८६,४००. थेंब पाव मिलीलीटरचा धरला तर दिवसाला साडेएकवीस लिटरच्या वर पाणी वाया जातं. दुसऱ्या गटाने नळाखाली तासभर भांडं ठेवलं, जमलेलं पाणी मोजलं आणि २४ ने गुणलं. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत. मुलं आधी एकमेकांवर चिडतात, मग शिक्षकाकडे बघतात. खरा प्रकल्प आता कुठे सुरू होतो. थेंब पाव मिलीलीटरचाच असतो हे कुणी सांगितलं? शंभर थेंब गोळा करून मोजले का? दिवसभर ठिबकण्याचा वेग सारखाच राहतो का? रात्री नळ कुणी वापरत नाही तेव्हा दाब वाढतो का? या प्रश्नांमागे जायला आणखी आठ-दहा दिवस लागतात. ते दिवस वेळापत्रकात नसतील तर आपण काय करतो? दोन्ही उत्तरांची सरासरी काढतो, पोस्टरवर लिहितो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. मुलांना त्यातून कळतं ते इतकंच की उत्तरं जुळली नाहीत तर मधलं काहीतरी घ्यायचं.

अमेरिकेतले शिक्षक रॉन बर्गर एका पहिलीतल्या मुलाची चित्रं दाखवतात. फोटो समोर ठेवून फुलपाखराचं शास्त्रीय चित्र काढायचं होतं. पहिलं चित्र त्या वयाच्या कुठल्याही मुलाचं असतं तसं. मग वर्गातल्या मुलांनी फोटो आणि चित्र शेजारी ठेवून सांगितलं, पंखाचा आकार इथे टोकदार आहे, तिथे गोल आहे. आधी नुसत्या आकारावर काम झालं, नंतर पंखांवरच्या नक्षीवर. सहाव्या खेपेचं चित्र पाहिलं की ते त्याच मुलाने काढलंय यावर विश्वास बसत नाही. बर्गर यांचा नियम साधा आहे: अभिप्राय मायेने द्या, नेमका द्या, उपयोगी पडेल असा द्या. हे बघून शिक्षक भारावतात. मीही भारावले होते. पण सहा खर्डे म्हणजे सहा वेळा बसणं, हा हिशेब फार थोड्या शाळा आपल्या वेळापत्रकात मांडतात. एकदा केलं की झालं, अशी सवय आपण मुलांना लावतो आणि मग म्हणतो की मुलांना चिकाटी नाही.

म्हणून आमची आखणी मी मागून पुढे करायला लावली आहे. आधी मांडणीची, म्हणजे काम सगळ्यांपुढे ठेवण्याची, तारीख. तिच्या अलीकडचे दोन आठवडे फक्त दुरुस्तीसाठी, त्यात नवीन काहीही घ्यायचं नाही. त्याच्या अलीकडे पहिला खर्डा, त्याआधी क्षेत्रभेटी आणि मोजमापं, सगळ्यात आधी विषयात रेंगाळण्याचे मोकळे दिवस. असं मांडलं की एका प्रकल्पाला आठ-नऊ आठवडे सहज लागतात. मग वर्षात किती बसतात ते कुणीही मोजावं.

यावर पर्यायी शिक्षणाच्या वर्तुळात हमखास येणारा आक्षेप असा, की सगळं आधीच आखलं तर मुलांच्या स्वातंत्र्याचं काय? हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, पण पटत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवरचा आपला गाजलेला निबंध लिहिला, त्यात मुलाने मनापासून हाती घेतलेल्या हेतूला केंद्रस्थान दिलं. ते योग्यच होतं. पण ज्यांचा विचार ते पुढे नेत होते त्या तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्यूई यांनीच १९३८ मध्ये नव्या शाळांना बजावलं, की जुन्या पद्धतीला नकार दिला म्हणजे काम संपत नाही. योजना इतकी लवचीक हवी की प्रत्येक मुलाच्या अनुभवाला वाव मिळेल, आणि इतकी पक्कीही हवी की वाढीला दिशा मिळेल. ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या शाळेतला प्रसंग बघा. मुलांपुढे कापसाची बोंडं आणि लोकर ठेवली होती. एका गटाने अर्धा तास बोंडांतून आणि सरकीपासून हाताने कापूस सोडवला, तर २८ ग्रॅमही निघाला नाही. पूर्वीची माणसं सुतीऐवजी लोकरीचे कपडे का घालत, याचं उत्तर त्यांच्या बोटांना मिळालं. ते त्यांनी स्वतः शोधलं. पण त्या टेबलावर बोंडं आणि लोकर शेजारी शेजारी आपोआप आली नव्हती. कुणीतरी मोठ्या माणसाने आधी विचार केला होता.

तेव्हा आमच्यात ठरलंय ते असं: क्षेत्र शिक्षकांनी निवडायचं, प्रश्न मुलांनी. क्षेत्र असं हवं की जे जाऊन बघता येईल, मोजता येईल, ज्यातल्या जाणत्या माणसाला भेटता येईल, आणि निघालेलं उत्तर शाळेबाहेरच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मुलं दरवर्षी डायनासोर मागतात. त्यांचं कुतूहल खरं आहे, त्यासाठी वाचनकोपऱ्यात पुस्तकं ठेवूच. पण आठ आठवड्यांचा प्रकल्प म्हणून नाही, कारण पुस्तक आणि इंटरनेट यांच्यापलीकडे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला तिथे फारसं काही नसतं. मग उतरवून काढणं सुरू होतं आणि थर्माकोलचं मॉडेल घरी आईबाबा रात्री बसून बनवतात.

ऋतूंचाही विचार आम्ही विषय निवडतानाच करतोय. पाण्याचा प्रकल्प कोरड्या दिवसांत सुरू झाला पाहिजे. काठी रोवून दुपारच्या सावलीची लांबी मोजायची तर ते काम वर्षभर चालायला हवं, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं. त्याला प्रकल्पाचा दर्जा द्यायची गरज नाही. अशा सावकाश चालणाऱ्या नोंदी मला फार आवडतात. वर्षअखेरीस एका लांब कागदावर त्या उतरवल्या की पृथ्वीचा आस कललेला आहे हे वाक्य मुलांना वेगळंच ऐकू येतं.

आता वाचन आणि गणित. यावर मी अडून बसले आहे. रोज सकाळचा एक तास या दोन गोष्टींसाठी राखीव, प्रकल्प कितीही रंगात आलेला असो. सगळं प्रकल्पातूनच आलं पाहिजे, असा हट्ट काही शाळा धरतात. नकाशा काढताना प्रमाण येतं, खरंच येतं. एक मीटरला एक सेंटीमीटर हे माप मूल तिथे जितकं पक्कं शिकतं तितकं पुस्तकातून शिकत नाही. पण ज्याला भागाकारच जड जातो ते मूल नकाशाच्या वेळी मोजपट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन रंग भरायला बसतं. प्रकल्पात कौशल्य वापरायला मिळतं, पण ते हातात बसायला रोज थोडा थोडा सराव लागतो. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या गांधीजींच्या शिक्षणयोजनेचा, अभ्यासक्रम आखला. त्यात दिवसाचे ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे मुलांनी शिकायच्या मुख्य हस्तोद्योगाला, दिली होती. हस्तोद्योगाला इतकं महत्त्व देणाऱ्या त्या आराखड्यातही मातृभाषेसाठी ४० मिनिटं वेगळी ठेवली होती. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांचा २००६ चा लेख प्रकल्पवाल्यांना टोचतो. नवशिक्याला पुरेशा मार्गदर्शनाशिवाय शोध घ्यायला सोडलं तर त्याची कार्यस्मृती (एका वेळी मनात थोडंच धरून ठेवू शकणारी स्मृती) शोधण्यातच खर्च होते आणि शिकण्याला कमी उरते, असं ते म्हणतात. त्यांचे सगळे निष्कर्ष मला मान्य नाहीत. पण प्रकल्पाला लागणारी साधनं आणि कौशल्यं आधी सरळ शिकवावीत, एवढं मी त्यांच्याकडून आनंदाने घेतलंय.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ज्यावर बोललो तो मुद्दा गटांचा. गटात काम दिलं की मुलं फार शहाणपणाने ते वाटून घेतात. सुंदर अक्षराची मुलगी लिहिते. चित्रकला येणारा चित्र काढतो. बोलकं मूल पाहुण्यांपुढे उभं राहतं. आणि एक मूल सामान आणून देतं. प्रदर्शन झकास होतं, पण प्रत्येकाने त्याला आधीच येत असलेली गोष्ट केलेली असते. असं वर्षभर चाललं तर सामान आणणारं मूल सामान आणण्यात तरबेज होऊनच पुढच्या वर्गात जातं. छोट्या शाळेत हे अक्षम्य आहे, कारण प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखणं हेच तर आपलं बळ.

यावर उपाय म्हणून एक तक्ता केलाय. उभ्या रांगेत मुलांची नावं, आडव्या रांगेत कामं: प्रश्न मांडणं, अनोळखी माणसाशी बोलणं, मोजमाप, हिशेब, लिहिणं, चित्र, हत्यारं वापरणं, सादर करणं, दुसऱ्याच्या कामावर अभिप्राय देणं. मागच्या वर्षीच्या नोंदवह्यांवरून तो भरला तेव्हा काही रांगा जवळजवळ कोऱ्या निघाल्या. तेव्हा नवीन वर्षाची आखणी या कोऱ्या चौकोनांपासून सुरू झाली. पहिल्या प्रकल्पात कुणाला कुठलं काम द्यायचं हे त्यावरून ठरेल. शिवाय गटाचं काम कितीही एकत्र असलं तरी प्रत्येक मुलाचा एक भाग पूर्णपणे त्याचा असेल: एक पान, एक आलेख, एक जोडकाम. पहिल्या खर्ड्यापासून शेवटपर्यंत. कोऱ्या चौकोनात मुलाला अवघड जाणार, काही दिवस रडूही येणार. अशा वेळी शेजारी बसायला शिक्षक मोकळा असला पाहिजे. प्रकल्प कमी हवेत याचं हे आणखी एक कारण.

शिक्षकांच्या वेळेबद्दल थोडं. आमच्यासारख्या शाळेत माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याचा प्रकल्पही जातो. म्हणून यंदा प्रत्येक प्रकल्प दोघांचा. आणि मुलांना देण्याआधी त्या दोघांनी तो स्वतः करून बघायचा: मुलाखत घ्यायची, नळ मोजायचा, पान लिहायचं, एकमेकांचा अभिप्राय घेऊन पुन्हा लिहायचं. कुठे अडतं, काय आधी शिकवायला हवं, कुठलं साधन कमी पडतं, हे नुसत्या चर्चेतून कळत नाही. आठवड्यातली एक दुपार मुलं लवकर घरी जातील आणि आम्ही फक्त मुलांच्या वह्या उघडून बोलू. ही दुपार दुसऱ्या कशालाही द्यायची नाही, पालकसभेलाही नाही.

पालकांना हे सगळं वर्ष सुरू होण्याआधी सांगणार आहोत. कमी प्रकल्प म्हणजे कमी शिक्षण, असा त्यांचा समज होऊ शकतो. पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा शेजारी लावून दाखवले की बहुतेकांना पटतं, असा माझा अनुभव आहे. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी बोलत राहायचं. आपलं मूल पुढे मोठ्या शाळेत गेल्यावर टिकेल का, ही त्यांची काळजी रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

आजच्या घडीला ठरलेलं असं आहे. सुरुवातीचे तीन आठवडे मोठा प्रकल्प नाही. एक छोटं काम घेऊन नव्या-जुन्या मुलांना प्रश्न विचारणं, अभिप्राय देणं, हत्यार जागेवर ठेवणं शिकवायचं. मग पहिला प्रकल्प, तोही मिश्र वयोगटात. दोन प्रकल्पांमध्ये एक आठवडा पूर्ण रिकामा. दुसऱ्याचं क्षेत्र ठरलंय. तिसऱ्याची जागा कोरी ठेवलीय, कारण पहिल्या दोन्हींतून मुलांचा एखादा प्रश्न असा निघावा की तोच तिसरा व्हावा. यावर आमच्यात अजून एकमत नाही. काहीजणांच्या मते क्षेत्र आत्ताच ठरवून ठेवलं पाहिजे, नाहीतर ऐनवेळी तयारीला वेळ मिळणार नाही. ज्यांनी आपल्या शाळेत अशी जागा मोकळी ठेवून पाहिली आहे त्यांनी तयारीचं कसं जमवलं ते सविस्तर लिहा. पुढच्या बैठकीत मी ते वाचून दाखवेन.