रहस्यकथांना कमी लेखू नका

एका लेखात रहस्यकथा-भयकथांना 'नुसती वेळ घालवायची पुस्तकं' म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार, काळापहाड यांच्यासाठी वाचनालयात खेटे घालणाऱ्या कितीतरी जणांना वाचनाची गोडी तिथेच लागली, माझ्या वडिलांनाही. आणि भयकथा लिहिणारे नारायण धारप! साधं घर, साधी माणसं आणि पानागणिक चढत जाणारी भीती. ही कारागिरी सोपी नाही हो. तरी गंभीर समीक्षेत त्यांच्याबद्दल कितीसं लिहिलं गेलं? माझ्याकडे धारप दर्शनी फळीवर आहेत, कथा-कादंबऱ्यांच्या मानाच्या रांगेत. कुणी वाचायला मागितलं की आधी तेच देते. ज्यांनी अजून वाचले नाहीत, त्यांनी धारपांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांपासून सुरुवात करावी.